पावसाळा, लाकडी वाद्यं आणि तुमचा धंदा: ओल मोजायची कशी, आवरायची कशी आणि त्यातून सर्व्हिस उभी करायची कशी



वाद्यांचं दुकान किंवा रिपेअरिंगचं काम सुरू करू इच्छिणारे बरेच जण माझ्या ट्रेनिंगला येतात. त्यातल्या निम्म्या लोकांचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, पावसाळ्यात माल खराब होतो, त्याचं काय करायचं?" व्हिडिओत पंधरा मिनिटांत जेवढं बसलं तेवढं सांगितलंय. आकडे, वाद्यांप्रमाणे काळजी आणि सर्व्हिसचा हिशोब मात्र लिहूनच द्यायला हवा. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

आधी पैशांचं बघू

माझं दुकान कोकणात आहे. आमच्याकडे वाद्यांचा खरा सीझन म्हणजे गणपती. पखवाज, ढोलकी, तबला, पेटी, सगळं गणपतीच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत उचललं जातं. पण माल मे-जूनमध्येच भरावा लागतो, कारण कारागिरांकडे नंतर गर्दी होते. म्हणजे तुमचं भांडवल जून, जुलै आणि अर्धा ऑगस्ट दुकानात बसून राहतं आणि नेमके हेच महिने हवेत ८५ ते ९०% दमटपणा असतो.

त्यामुळे गिऱ्हाईक वाद्य हातात घेतं, तेव्हा त्या वाद्याने दोन महिने ओल पिऊन झालेली असते. पखवाजाची पुडी सैल. पेटीची एखादी पट्टी दाबली की वर येत नाही. गिटारची तार फ्रेटपासून उचललेली. मग गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, कमी करा काहीतरी." तुम्ही ५०० रुपये कमी करता आणि त्या नगावरचा निम्मा नफा तिथेच जातो.

दुसरी बाजू घराघरातल्या वाद्यांची. आजोबांची पेटी, आईचा तंबोरा, भजनी मंडळाची वीणा. या वस्तूंची बाजारात किंमत काढता येते, पण घरच्यांसाठी ती किंमत वेगळीच असते. ही वाद्यं जपून देणारा माणूस तालुक्याच्या गावात सहसा सापडत नाही. तिथे तुमच्यासाठी काम आहे. पण काम घेण्याआधी ओल म्हणजे काय हे नीट समजायला हवं, नाहीतर दुसऱ्याच्या आजोबांची पेटी आपल्या हातून बिघडेल.

लाकूड पाणी पितं, म्हणजे नक्की काय होतं?

लाकूड कापून, वाळवून, पॉलिश करून झालं तरी हवेतली ओल घेणं-सोडणं थांबत नाही. आजूबाजूची हवा जशी, तसं लाकूड स्वतःला जुळवून घेतं. हवेत ५०% दमटपणा असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ९% पाणी राहतं. हवा ८०% वर गेली की तेच लाकूड हळूहळू १६% पर्यंत जातं. पॉलिशमुळे हा वेग कमी होतो, पण ओल आत शिरायची थांबत नाही.

पाणी आलं की लाकूड फुगतं आणि गेलं की आकसतं. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, सगळा फरक रुंदीत पडतो. एक उदाहरण करून बघू. अकूस्टिक गिटारची वरची स्प्रूसची फळी सर्वात रुंद ठिकाणी साधारण ४० सेंटिमीटर असते. तिच्यातलं पाणी ९ वरून १६% वर गेलं, तर मोकळी फळी रुंदीला जवळपास ४ मिलिमीटर वाढेल. पण ती मोकळी नसते. कडेने चिकटवलेली असते आणि आतून पट्ट्यांनी बांधलेली असते. वाढायला जागा नाही म्हणून ती वर फुगते. ब्रिज वर येतो, तारा उंच होतात, बोटं दुखायला लागतात आणि गिऱ्हाईक म्हणतं गिटार खराब निघाली.

हेच उलट दिशेने आणखी वाईट. ऑक्टोबरचा उकाडा आला किंवा तेच वाद्य एसीच्या खोलीत गेलं की लाकूड आकसायला लागतं. फळी कडेने पकडलेली, आकसायला मोकळीक नाही. मग ती तडकते. फुगलेली फळी बऱ्याचदा पुन्हा बसते. पडलेला तडा मात्र कायमचा.

म्हणून लक्षात ठेवा: पावसाने वाद्य बेसूर होतं, चढउतारांनी वाद्य मोडतं. तुमचं सगळं काम दमटपणा शून्य करण्याचं नाही, तो एका पट्ट्यात धरून ठेवण्याचं आहे. लाकडी वाद्यांसाठी ४५ ते ५५% हा उत्तम पट्टा मानतात. किनारपट्टीवर भर पावसात ५५ ते ६०% सांभाळलं तरी काम छान चालतं. ७०% च्या वर सतत राहिलं की चामडं, कापड, भोपळा, सगळ्यावर बुरशी येते.

मोजल्याशिवाय काही विकू नका

हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं, हायग्रोमीटर. साधं तीनशे-पाचशे रुपयांत येतं. दुकानात किमान तीन ठेवा: एक काउंटरवर, एक वाद्यांच्या कपाटात, एक बॅगेत.

स्वस्त यंत्र थोडं चुकीचं दाखवतं, म्हणून आधी मिठाची परीक्षा घ्या:

१. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या.
२. त्यात पाण्याचे थेंब टाकत ते ओलसर करा. मीठ ओल्या वाळूसारखं दिसायला हवं, विरघळायला नको.
३. झाकण आणि हायग्रोमीटर दोन्ही एका झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करा. मीठ यंत्राला लागू देऊ नका.
४. १० ते १२ तास खोलीत, उन्हापासून लांब ठेवा.

ओल्या मिठावरची बंद हवा ७५% वर येऊन थांबते. तुमचं यंत्र ७० दाखवत असेल तर ते ५ ने कमी दाखवतंय. यंत्राच्या मागे स्टिकर लावा, "+५". झालं. चमचाभर मिठात तुमचं यंत्र तपासून झालं, आणि गिऱ्हाइकासमोर आकडा सांगताना तुम्हाला चाचरावं लागणार नाही.

मग १५ दिवस सकाळ, दुपार, रात्र आकडे लिहा. तुमच्या दुकानाचा स्वभाव तुम्हाला कळेल. कुठली भिंत ओली, कुठला कोपरा बरा, शटर उघडल्यावर किती मिनिटांत आकडा चढतो. पैसे खर्च करण्याआधी ही वही भरा.

सिलिका जेलच्या पुड्यांचं गणित

बूट-बॅगांत येणाऱ्या छोट्या पुड्या सगळ्यांना माहिती आहेत. बरेच दुकानदार केसमध्ये दोन पुड्या टाकतात आणि निर्धास्त होतात. जरा हिशोब करू.

सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी धरतं. ५ ग्रॅमच्या दोन पुड्या म्हणजे १० ग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त तीनेक ग्रॅम पाणी. आता गिटार घ्या, लाकूड धरा २ किलो. ते १६% पर्यंत भिजलेलं असेल आणि तुम्हाला ९% वर आणायचं असेल, तर बाहेर काढायचं पाणी होतं साधारण १४० ग्रॅम. त्यासाठी जेल लागेल अर्धा किलो! दोन पुड्यांनी काय होणार?

यातून धंद्याचे तीन नियम निघतात.

पहिला, भिजलेलं वाद्य पुडीने वाळत नाही. कोरडं वाद्य पुडीने कोरडं राहतं. म्हणून वाद्य मे महिन्याच्या शेवटी, पाऊस पडायच्या आधी, बंद करायचं. जुलैमध्ये सर्दावलेलं वाद्य प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर ती ओल आतच कोंडली जाते आणि बुरशी दुप्पट वेगाने येते.

दुसरा, उघड्या दुकानात जेल ठेवणं म्हणजे समुद्र बादलीने उपसणं. जेल फक्त घट्ट बंद होणाऱ्या केस, पेटी किंवा डब्यासाठी.

तिसरा, जेल संपतं. रंग बदलणारं जेल वापरा म्हणजे कळेल. निळं गुलाबी होतं, नारिंगी हिरवट किंवा फिकट होतं. त्यातलं नारिंगीच घ्या, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराईड असतं आणि ते आरोग्याला चांगलं नाही. भिजलेलं जेल ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाचा ओव्हन त्यासाठी वापरू नका. जेल वाद्याला थेट लागू देऊ नका, कापडी पिशवीत ठेवा.

बाजारात ओल घेणारी आणि गरजेनुसार परत देणारी पाकिटंही मिळतात. बोव्हेडाचं लाकडी वाद्यांसाठीचं पाकीट ४९% चं असतं. चांगली वस्तू आहे, पण महाग आहे आणि कोकणच्या पावसात लवकर भरून जाते. महागड्या गिटार-व्हायोलिनवाल्या गिऱ्हाइकाला सुचवा, प्रत्येकाच्या गळ्यात मारू नका.

दुकानातला स्टॉक कसा ठेवायचा

सगळं दुकान कोरडं ठेवायला जाऊ नका, विजेच्या बिलातच धंदा बुडेल. दोन भाग करा. पुढे डिस्प्लेला प्रत्येक प्रकारचा एकेक नग. बाकी माल मागे, एका छोट्या खोलीत किंवा घट्ट दाराच्या कपाटात. कोरडं फक्त मागचं ठेवायचं.

- बल्बचं कपाट. जुने दुकानदार कपाटात बल्ब लावून ठेवायचे. ही पद्धत शास्त्राला धरून आहे. हवा गरम झाली की तिची पाणी धरायची क्षमता वाढते, म्हणून तेवढ्याच पाण्याचा टक्का खाली येतो. २७ अंशांची ९०% वाली हवा ३२ अंशांवर नेली की टक्का ६८ च्या आसपास येतो. पण यासाठी जुना तारेचा बल्ब लागतो. हल्ली लोक एलईडी लावतात. उजेड मिळतो, ऊब मिळत नाही, कपाट ओलंच राहतं. बल्ब वाद्यापासून किमान दीड-दोन फूट लांब आणि जाळीच्या आत ठेवा. कापड किंवा कव्हर जवळ नको, आग लागण्याची भीती असते. रात्रभर बिनदेखरेखीचा चालू ठेवू नका.

- डिह्युमिडिफायर. कॉम्प्रेसरचं यंत्र घ्या. ते दिवसाला काही लिटर पाणी काढतं. हजार-दोन हजारांत मिळणारं छोटं यंत्र कपाटापुरतं ठीक, खोलीला पुरत नाही. यंत्र ५५ वर सेट करा. त्याखाली नेऊन वीज जाळण्यात अर्थ नाही.

- भिंत आणि जमीन. वाद्य भिंतीपासून किमान अर्धा फूट आणि जमिनीपासून एक फूट वर. पावसाळ्यात बाहेरची भिंत थंड आणि ओली असते, वाळवीही तिथूनच चढते. भिंतीला हूक मारून गिटार लटकवायची असेल तर आतल्या भिंतीला.

- एसी. एसी हवा कोरडी करतो, पण दिवसा चालू, रात्री बंद असा खेळ म्हणजे रोजचा चढउतार. आणखी एक धोका आहे. बाहेर २८ अंश आणि ८५% दमटपणा असेल, तर २५ अंशांपेक्षा थंड असलेल्या वस्तूवर पाणी सुटतं. एसीतून काढलेलं थंड वाद्य बाहेर उघडलं की त्यावर दव धरतं. केस बंद ठेवून अर्धा-एक तास जाऊ द्यायचा आणि मगच उघडायची. बाहेरगावाहून आलेल्या मालालाही हाच नियम लावा. खोकं आलं की लगेच फोडू नका, एक दिवस दुकानात तसंच राहू द्या.

वाद्याप्रमाणे काळजी

पेटी. पट्ट्या अडकणं ही पावसाळ्यातली पहिली तक्रार. पट्टीचं लाकूड फुगून शेजारच्या पट्टीला घासतं. बरेच जण लगेच घासकागद लावतात. थांबा! हिवाळ्यात लाकूड आकसलं की त्याच जागी फट पडते आणि पट्टी खडखडते. आधी पेटी आठवडाभर कोरड्या जागी ठेवा, बऱ्याच पट्ट्या आपोआप सुटतात. भात्याचं पुठ्ठा-कापड-चामडं आणि आतलं लोकरी फेल्ट या कसर-किड्यांच्या आवडीच्या जागा. पितळी सूर ओलीने काळे पडतात आणि सुरात फरक पडतो. पेटी न वाजवता पडली तर जास्त बिघडते. आठवड्यातून दहा मिनिटं भाता चालवायला सांगा, आतली हवा खेळती राहते. भाता मात्र बंद करून, खिटी लावूनच ठेवायचा.

तबला, पखवाज, ढोलकी. इथे लाकडापेक्षा चामड्याची काळजी जास्त. दमट हवेत पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. वाजवणारा गठ्ठे खाली ठोकून सूर चढवतो. पावसाळा संपतो, हवा कोरडी होते, चामडं आकसतं, आधीच ताणलेली पुडी आणखी ताणली जाते आणि एके दिवशी किनारीशी फाटते. म्हणून ऑक्टोबरच्या सुरुवातीला गठ्ठे उतरवून घ्यायची आठवण गिऱ्हाइकाला करून द्या. एवढ्या एका फोनने नव्या पुडीचा खर्च वाचतो आणि माणूस तुम्हाला विसरत नाही. पखवाजाला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर पूर्ण खरवडून काढायलाच हवी. ती राहिली की बुरशी, मुंग्या, उंदीर, सगळे येतात. पुडी शेगडीवर शेकून वाळवणं टाळा, चामडं कडक होऊन तडकतं. कव्हर सुती हवं.

तंबोरा, सतार, वीणा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वाद्यांसाठी लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या हवेत वाढलेले आणि वाळलेले. असं वाद्य मिरजेहून कोकणात किंवा मुंबईत आलं की त्याची हवा पूर्ण बदलते. भोपळा आणि लाकूड वेगवेगळ्या मापाने फुगतात, म्हणून ताण पडतो तो त्यांच्या सांध्यावर. दर महिन्याला बॅटरी घेऊन सांधा बघा. बारीक रेघ दिसली तर फोटो काढा, तारा थोड्या उतरवा आणि कारागिराला कळवा. दोन-तीन महिने वाद्य वाजवणार नसाल तर तारा एक-दोन सूर उतरवून ठेवा, पूर्ण सोडू नका. लोखंडी तारांना समुद्राच्या खाऱ्या हवेत लवकर गंज चढतो. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणं, एवढं रोजचं काम.

व्हायोलिन. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन सटकतात. अडकलेली खुंटी जोर लावून फिरवली तर मोडते किंवा तिच्याभोवतीचं लाकूड तडकतं. पेन्सिलीचं शिसं आणि खडू, दोन्ही बॅगेत ठेवा. अडकते तिथे शिसं, सटकते तिथे खडू. वरच्या-खालच्या फळीचा सांधा सुटला तर फेव्हिकॉल लावू नका! व्हायोलिन सरसाने जोडलेलं असतं, कारण पुढे कधी उघडायची वेळ आली तर ते सुटायला हवं.

बासरी. बांबू पावसात फारसा त्रास देत नाही, कोरड्या हवेत आणि एसीत तडकतो. वाजवून झाल्यावर आतून कापडाने पुसायची. कोरड्या महिन्यांत आतून अगदी हलका तेलाचा हात. पावसाळ्यात तेल नको, बुरशी धरते.

आता सर्व्हिस उभी करू

एवढं कळलं की तुम्ही पुडी विकणारे दुकानदार राहत नाही. तुम्ही विकता वेळापत्रक आणि मोजमाप. वर्षाच्या तीन भेटी ठरवा:

- मेचा शेवट: वाद्य साफ करणं, जुने तडे-सांधे तपासणं, कोरडं असताना नीट बंद करणं, केसमध्ये जेल आणि हायग्रोमीटर.
- ऑगस्टचा मध्य: आकडा बघणं, जेल बदलणं, बुरशी-कसर तपासणं, गणपतीच्या आधी वाद्य तयार करणं. मोठ्या सणाच्या वर्षभराच्या तारखा आधीच बघून हा दिवस मागे-पुढे करा.
- ऑक्टोबरची सुरुवात: गठ्ठे आणि तारा उतरवणं, जेल काढून टाकणं, तड्यांची पाहणी. कोरड्या महिन्यांत जेल तसंच राहिलं तर ते लाकडाला जास्त सुकवतं.

आता दर. हे आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावचे भाव घालून स्वतः करा.

एका घरी एक वाद्य: जाण्या-येण्यासह सव्वा तास, २०० रुपये तासाने २५० रुपये. पेट्रोल ४०. साहित्य ६०. एका भेटीचा खर्च ३५०, तीन भेटींचा १,०५०. तुम्ही वर्षाचे १,२०० घेतलेत तर हातात राहतात १५० रुपये. कठीण आहे ना?

आता एका भजनी मंडळात तीन वाद्यं. पहिल्याचे ३५०. पुढच्या प्रत्येकाला अर्धा तास आणि साहित्य, म्हणजे १६०. एका भेटीचा खर्च ६७०, तीन भेटींचा २,०१०. मंडळाला एका वाद्याचे १,००० प्रमाणे ३,००० सांगितले तर त्यांना स्वस्त पडतं आणि तुमच्याकडे ९९० राहतात.

म्हणून एकेका घरामागे धावू नका. भजनी मंडळं, संगीत क्लास, शाळा, देवस्थानं, नाट्यसंस्था, जिथे एका छताखाली चार वाद्यं आहेत तिथे आधी जा. घरची वाद्यं दुकानात आणून द्यायला सांगा, तुमचं जाणं-येणं वाचतं.

सुरुवातीला लागणारं साहित्य: तीन हायग्रोमीटर, एक-दोन किलो नारिंगी जेल, कापडी पिशव्या, मऊ ब्रश, सुती फडकी, बॅटरी, आणि छापलेलं जॉब कार्डचं पुस्तक. अडीच-तीन हजारांत बसतं. डिह्युमिडिफायर नंतर, गिऱ्हाइकं जमल्यावर.

जॉब कार्ड: हे सोडाल तर भांडण ओढवून घ्याल

वाद्य हातात घेताना, मालकासमोर, हे लिहायचं:

१. वाद्य, अंदाजे वय, कोणाचं.
२. आधीपासूनचे तडे, ओरखडे, सुटलेले सांधे. प्रत्येकाचा फोटो.
३. केसमधला किंवा खोलीतला दमटपणा, तारखेसह.
४. आपण काय करणार आणि काय करणार नाही.
५. परत द्यायची तारीख. मालकाची सही.

फोटो मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पाठवा. जुन्या तंबोऱ्यावरची रेघ कधीची, यावर सहा महिन्यांनी वाद झाला तर तुमच्याकडे तारखेसह उत्तर असेल. शिवाय दरवर्षीच्या आकड्यांनी गिऱ्हाइकाला दिसतं की तुम्ही पैसे कशाचे घेताय.

कुठे थांबायचं

काही कामं कारागिराचीच: जव्हारी लावणं, पुडी आणि शाई बदलणं, पेटीचे सूर घासणं, फळीचा तडा भरणं. यूट्यूब बघून या कामांना हात घालू नका. दोन-तीन चांगले कारागीर जोडून ठेवा, काम त्यांच्याकडे पाठवा आणि पाठवण्याचा ठरलेला मोबदला उघडपणे घ्या. गिऱ्हाइकालाही सांगा, हे काम अमुक कारागीर करतात. तुम्ही नाही म्हणालात तर माणूस नाराज होत नाही. तुम्ही हो म्हणून वाद्य बिघडवलं तर अख्ख्या मंडळाला कळतं.

नेहमीचे प्रश्न

*वाद्याला ऊन दाखवावं का?* थेट ऊन नको. पॉलिश फुटतं, सांध्याचं सरस सैल होतं. उघाड असेल आणि बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल, तर सावलीत वारा दाखवा. आकडा बघूनच खिडकी उघडायची.

*तांदळाची पुरचुंडी चालते का?* नाही. तांदूळ फार ओल धरत नाही आणि किडे मात्र बोलावतो.

*खोबरेल लावलं तर लाकूड चकाकतं...* चकाकतं, मग चिकट होतं, धूळ धरतं आणि वास येतो. कोरडं फडकं पुरे.

*डांबरगोळ्या ठेवू का?* वाद्याच्या केसमध्ये नको. त्या पॉलिश आणि प्लास्टिकला लागल्या तर डाग पडतात आणि वासही जात नाही. कसर रोखायचा खरा उपाय म्हणजे स्वच्छता, कोरडेपणा आणि वाद्य वाजतं ठेवणं.

*गाडीच्या डिकीत वाद्य ठेवलं तर?* दुपारच्या उन्हात डिकी इतकी तापते की सांधे सुटतात. वाद्य माणसांसोबत बसून प्रवास करेल.

या आठवड्याचं तुमचं काम

एक हायग्रोमीटर घ्या आणि मिठाची परीक्षा करा. मग तुमच्या गावातलं एक भजनी मंडळ किंवा एक संगीत क्लास गाठा आणि फक्त एवढंच म्हणा, "बुवा, वाद्यं जिथे ठेवता तिथला दमटपणा मोजून देतो, पैसे नकोत." आकडा दाखवा, कपाटाची जागा बघा, सांधे बघा, कागदावर चार ओळी लिहून द्या. काही विकू नका.

अशा पाच जागा झाल्या की तुमच्या वहीत तुमच्याच गावाचे खरे आकडे असतील: कुठे किती वाद्यं आहेत, कोण किती पैसे देऊ शकेल, सर्वात जास्त कुठली तक्रार येते. दरपत्रक त्या वहीवरून बनवा. पुढच्या व्हिडिओत आपण ते दरपत्रक आणि जॉब कार्डचा नमुना सोबत बसून भरणार आहोत, तोपर्यंत वही भरून ठेवा.